भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचायची कशी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी सोळा वर्षांची आहे, पुढे काय शिकायचं यावरून घरात रोज खटके उडतात, म्हणून तुम्ही एका करिअर समुपदेशकाकडे चौकशीला गेलात. तिथे भिंतीवर नऊ प्रमाणपत्रं आणि नावापुढे अक्षरांची आगगाडी. यातलं भरीव किती आणि पोकळ किती, हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं? शेवटी थोडं बिचकत मलाही विचारलंत, की तुम्ही स्वतः काय शिकलात. बिचकायचं काही कारण नाही. हा प्रश्न त्या गृहस्थांनाही विचारायला हवा होता. निम्मं उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच मिळालं असतं.

माझं आधी सांगते. मी या क्षेत्रात आडवाटेनं आले. पदवी वाणिज्य शाखेची. नंतर सहा वर्षं एका कंपनीत नोकरभरतीचं काम केलं. ढिगानं अर्ज चाळायचे, मुलाखती घ्यायच्या, आणि निवडलेल्यांपैकीच काहीजण वर्षभरात राजीनामा घेऊन समोर उभे राहायचे. गुण चांगले, काम जमतंय, पण जीव रमत नाही. ही माणसं इथवर आली कशी, या कुतूहलापोटी नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग समुपदेशनाची वर्षभराची पदविका घेतली आणि त्यानंतर दोन वर्षं एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंच्या हाताखाली उमेदवारी केली. स्वतंत्रपणे काम करतेय त्याला आता एकवीस वर्षं झाली. यातलं सगळ्यात जास्त उपयोगी काय पडलं, तर उमेदवारीची दोन वर्षं. त्याखालोखाल भरतीतली सहा. एम.ए.चा नंबर तिसरा. पण ते केलंच नसतं तर पहिल्या दोन्हींच्या जोरावर मी ठाम आवाजात चुकीचे सल्ले देत बसले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गंमत म्हणजे या व्यवसायाचा आद्य पुरुष मानतात त्या फ्रँक पार्सन्सकडे यातलं काहीच नव्हतं. असणार कुठून, तेव्हा असले अभ्यासक्रमच नव्हते. शिक्षणानं तो स्थापत्य अभियंता, पुढे शिक्षक, मग वकील, मग कायदा शिकवणारा. मध्ये बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवून हरलेलाही. १९०८ च्या जानेवारीत त्यानं बोस्टनमध्ये तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचं पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या मागे आलं. त्यात त्यानं सांगितलेलं सूत्र आजही आमच्या पहिल्याच तासाला शिकवतात: माणसानं स्वतःला नीट ओळखावं, कामांच्या जगाची माहिती घ्यावी, आणि या दोन्हींची सांगड डोकं शांत ठेवून घालावी. समुपदेशकाची पात्रता तपासायलाही हेच तीन खण पुरतात. माणूस मोजायला आणि ओळखायला तो कुठे शिकला, कामांच्या जगाशी त्याचा संबंध किती ताजा आहे, आणि समोरच्याला स्वतःचा निर्णय घेऊ देण्याचं कसब त्यानं कोणाच्या नजरेखाली कमावलं.

पदव्यांचं पटकन उरकते. मानसशास्त्र, समुपदेशन, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी एखाद्या विषयातली पदव्युत्तर पदवी असावी, आणि तिच्यात मानसमापन (म्हणजे चाचण्यांनी क्षमता, आवड, स्वभाव मोजण्याचं शास्त्र), करिअर विकासाचे सिद्धान्त आणि समुपदेशनाची प्रक्रिया हे विषय शिकलेले असावेत. पदवीच्या नावापेक्षा आतले विषय विचारा. मानसशास्त्राची पदवी आहे, पण मापनाचा पेपर कधी घेतलाच नाही, असं होऊ शकतं. डॉक्टर किंवा वकील या शब्दांभोवती कायद्याचं कुंपण असतं. 'करिअर समुपदेशक' या शब्दाला बहुतेक ठिकाणी ते नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून व्यावसायिक संघटना महत्त्वाच्या ठरतात. अमेरिकेतली अशी राष्ट्रीय संघटना १९१३ पासून आहे आणि तिची समुपदेशक ही उपाधी घ्यायची तर समुपदेशनाशी संबंधित उच्च पदवी लागते. ब्रिटनमधल्या संस्थेच्या नोंदवहीत नाव टिकवायचं तर दरवर्षी किमान २५ तास नवं शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि समुपदेशकाला काय काय यायला हवं याची तिची यादी २००३ पासून उपलब्ध आहे. समोरचा एखाद्या संघटनेचं नाव सांगत असेल, तर तिची सदस्य नोंदवही उघडून त्याचं नाव शोधणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

प्रमाणपत्रांकडे येऊ. नऊ आहेत म्हणालात. त्यातलं प्रत्येक हजेरीचं आहे की परीक्षेचं, एवढंच बघा. दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसलं की मिळतं ते हजेरीचं. त्यात वाईट काही नाही, माझ्याकडेही खणभर आहेत, पण ती भिंतीवर लावायची गोष्ट नव्हे. काही प्रमाणपत्रं खरोखर मेहनतीची असतात. करिअर विकास सुलभकाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम साधारण १२० तासांचा असतो आणि चांगला असतो. पण त्याचं नावच सुलभक आहे. माहिती शोधून देणं, अर्ज आणि मुलाखतीची तयारी करून घेणं, योग्य ठिकाणी पाठवणं, हे तो उत्तम करतो. मानसशास्त्रीय चाचण्यांचा अर्थ लावायला तो तेवढ्यानं पात्र होत नाही, आणि प्रामाणिक सुलभक हे स्वतःहून सांगतो.

आता चाचण्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक पालक चाचणीसाठी येतात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

दर्जेदार चाचण्यांचे प्रकाशक त्या वाटेल त्याला विकत नाहीत. विकत घेणाऱ्याच्या पात्रतेनुसार अ, ब, क अशा पातळ्या ठरवण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं सुरू केली, आणि थोड्याफार फरकानं ती अनेक प्रकाशक अजून पाळतात. सगळ्यात वरच्या पातळीच्या चाचण्या मानसशास्त्रातलं प्रगत प्रशिक्षण असलेल्यांनाच मिळतात. तेव्हा सरळ विचारा: ही चाचणी कोणाची, आणि ती वापरण्याची तुमची पात्रता कोणती? 'आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे' असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न: मग तिची माहितीपुस्तिका दाखवा. चाचणी कोणत्या वयाच्या, किती आणि कोणत्या लोकांवर प्रमाणित केली, तिची विश्वसनीयता किती (म्हणजे पुन्हा दिली तर निकाल कितपत तसाच येतो), ती जे मोजते म्हणते ते खरंच मोजते याचा पुरावा काय, हे पुस्तिकेत असतं. तुम्हाला त्यातलं सगळं कळलं नाही तरी चालेल. पुस्तिका आहे की नाही, हे कळलं तरी पुष्कळ झालं.

मापन शिकलेला आणि न शिकलेला माणूस यांतला फरक एका उदाहरणानं दाखवते. समजा, मुलीला शाब्दिक क्षमतेत १०६ आणि संख्यात्मक क्षमतेत १०१ गुण आले. या मापपट्टीची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ आहे, म्हणजे साधारण दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. न शिकलेला म्हणेल, 'भाषेकडे कल आहे, गणित सोडा.' शिकलेला आधी चाचणीची विश्वसनीयता बघेल. ती १ पैकी ०.९१ असली, म्हणजे चांगलीच असली, तरी अशा कोणत्याही निकालात साधारण साडेचार गुणांची मापनत्रुटी असते, म्हणजे खरा आकडा तेवढा वरखाली असू शकतो. दोन गुणांमधल्या फरकाची त्रुटी आणखी मोठी, सहाच्या वर जाते. पाचाचा फरक त्या धुक्यात विरून जातो. या दोन आकड्यांत फरक आहे असं म्हणायला आधारच नाही, आणि असं असताना मुलीचा एखादा विषय सोडवणं हा शुद्ध अन्याय. पण रंगीत आलेखात शाब्दिकचा खांब जरा उंच दिसतो ना! त्या आलेखानं किती घरांत भांडणं लावली असतील कोणास ठाऊक.

आवडीच्या चाचण्यांचं प्रकरण आणखी नाजूक. त्यांची परंपरा मोठी आहे. एडवर्ड स्ट्राँगनं १९२७ मध्ये पहिली नावाजलेली प्रश्नावली आणली. जॉन हॉलंड दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या मुलाखती घेत असे. तिथे माणसं ढोबळ काही प्रकारांत बसतात असं त्याला वाटू लागलं, आणि १९५९ मध्ये त्यानं आपला सिद्धान्त मांडला. हातानं काम करणारे, शोधक, कलावंत वृत्तीचे, लोकांत रमणारे, उद्यमी आणि शिस्तीनं नोंदी ठेवणारे असे ते सहा प्रकार. (भरतीच्या टेबलावरून तोही या क्षेत्रात आला, याचं मला उगाच बरं वाटतं.) साधन चांगलं आहे, मी रोज वापरते. पण ते आवड सांगतं, कुवत नाही. आणि आवडसुद्धा पक्की कधी होते? १२ ते ४० या वयातल्या लोकांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की शालेय वयात आवडींची स्थिरता मध्यम असते आणि अठरा ते बावीसच्या दरम्यान ती झपाट्यानं वाढते. तुमची मुलगी सोळाची आहे. आजचा अहवाल हा आजचा फोटो आहे, असं स्वच्छ सांगणारा समुपदेशक तुम्हाला हवा.

हे मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. उमेदवारीच्या दुसऱ्या महिन्यात एक मुलगी आली. आवडीच्या चाचणीत तिचा 'लोकांची सेवा' हा भाग इतरांच्या कितीतरी वर. मी खूश, असे स्वच्छ निकाल क्वचित मिळतात. शुश्रूषा, समाजकार्य, अध्यापन असं मी तिला धडाधड सांगितलं. ती मान डोलवत राहिली. परवानगी घेऊन आम्ही सत्रं ध्वनिमुद्रित करत असू. बाईंनी ते सत्र ऐकलं आणि एवढंच विचारलं, 'चाचणी भरली त्या महिन्यात तिच्या घरी काय चाललं होतं, विचारलंस?' नव्हतं विचारलं. पुढच्या भेटीत कळलं, आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि शाळा सुटल्यावर तिचं सगळं हीच करत होती. तिनं प्रश्नावलीत आवडी भरल्याच नव्हत्या, कर्तव्यं भरली होती. 'अंथरुणातल्या माणसाची काळजी घ्यायला आवडेल का?' याला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिला यंत्रं उघडून बघायची आवड होती, हे तिसऱ्या भेटीत निघालं.

म्हणून 'तुमचं काम कोणी तपासलं होतं का?' हा प्रश्न माझ्या लेखी पदवीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. देखरेखीखाली किती तास काम केलं, कोणाच्या, आणि आताही अडलेलं प्रकरण कोणाशी बोलता? तीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही हे विचारायला हरकत नाही. कोणी न तपासता तीस वर्षं केलेलं काम म्हणजे एकच चूक तीस वर्षं गिरवलेली असू शकते. मी अजूनही महिन्यातून एकदा दोन सहकाऱ्यांसमोर माझं एखादं प्रकरण, नावगाव काढून, मांडते. दर वेळी काही ना काही निसटलेलं सापडतंच.

दोन साधनांबद्दल स्पष्ट बोलते. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि करिअर सांगणारे. ठशांच्या रेषा गर्भात असतानाच तयार होतात, हे खरं. त्यावरून पुढे कोणता पेशा जमेल हे कळतं, याला मान्य होईल असा शास्त्रीय पुरावा नाही. जिथे हे चालतं तिथून उठून या, मग भिंतीवर एकोणीस प्रमाणपत्रं का असेनात. दुसरं, माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चार अक्षरांची प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणी. ती एका मायलेकीनं बनवली, दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. गप्पांना सुरुवात म्हणून चालेल, निर्णयाला टेकू म्हणून नाही.

'पण त्यांनी मुलीबद्दल जे सांगितलं ते तंतोतंत जुळलं!' असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचापैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तोही ज्योतिषाच्या पुस्तकावरून बेतलेला. 'तुमच्यात बरीच क्षमता आहे जी अजून वापरली गेलेली नाही' हे वाक्य कोणत्याही सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला पटणारच. अहवाल वाचताना प्रत्येक वाक्य शेजारच्या मुलाला लावून बघा. त्यालाही बसलं तर ते वाक्य फुकट.

मग चांगला समुपदेशक नेमकं करतो काय? यावर मला आवडणारं काम स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन यांचं, २००० सालचं. अनेक अभ्यास एकत्र चाळून त्यांनी पाहिलं, की करिअर समुपदेशन कशामुळे परिणामकारक होतं. पाच गोष्टी हाती आल्या: येणाऱ्याकडून लिहून काढायची कामं करून घेणं, चाचण्यांचा अर्थ ज्याचा त्याला स्वतंत्रपणे समजावणं, कामांच्या जगाची माहिती सत्रातच मिळवायला लावणं, तशा वाटेनं गेलेल्या माणसांची उदाहरणं समोर आणणं, आणि घरचा-मित्रांचा आधार उभा करायला मदत करणं. आता तुम्ही ज्यांच्याकडे जाऊन आलात ते यातलं किती करतात, ते बघा. पंचेचाळीस मिनिटांत चाचणी, पंधरा मिनिटांत चाळीस पानी छापील अहवाल आणि नमस्कार, असा प्रकार असेल तर या पाचातलं एखादंच पदरात पडतं, तेही अर्धवट.

कामांच्या जगाची माहिती हा पार्सन्सचा दुसरा खण. इथे शिक्षक, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी अशी बरीच भली माणसं घसरतात. त्यांना स्वतःचं क्षेत्र आतून ठाऊक असतं आणि बाकीची ऐकीव. मलाही भरतीतल्या सहा वर्षांनी एका उद्योगाची खिडकी दिली, तीही आता जुनी झाली. म्हणून मी वर्षभरात निरनिराळ्या कामांच्या ठिकाणी जाऊन बसते, तिथल्या नव्या माणसांशी बोलते; मालकांशी नव्हे, दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेल्यांशी. समुपदेशकाला विचारा: गेल्या वर्षात तुम्ही कोणतं नवं काम जवळून पाहिलंत? आणि सोबत हेही विचारा, थोडं कडू वाटलं तरी: एखाद्या संस्थेत प्रवेश घ्यायला सुचवलंत तर तिच्याकडून तुम्हाला काही मिळतं का? कमिशन घेणारा सगळाच अप्रामाणिक असतो असं नाही, पण तो दलाल आहे, समुपदेशक नाही, आणि हे तुम्हाला आधी कळायला हवं. आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितांमध्ये असे हितसंबंध उघड करणं अपेक्षित असतं.

आणखी एक पात्रता प्रमाणपत्रावर दिसत नाही: कुठे थांबायचं हे कळणं. करिअरचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगण्याबद्दल तो निराश बोलत असेल, तर माझं काम चाचणी बाजूला ठेवून त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे पोचवणं हे आहे. तसं शिक्षण नसलेला समुपदेशक यालाच 'ध्येयाचा अभाव' समजतो आणि प्रेरणादायी भाषण देतो. कोणत्या वेळी तुम्ही प्रकरण दुसऱ्याकडे पाठवता, असं विचारून बघा. 'तशी वेळच येत नाही' म्हणणाऱ्यापासून जपून.

'शंभर टक्के अचूक' हे शब्द कुठेही दिसले तर तिथेच परत फिरा. जॉन क्रुम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असं मांडलं, की माणसांच्या करिअरमध्ये योगायोगांचा वाटा मोठा असतो आणि समुपदेशनानं त्या योगायोगांचा फायदा उठवायला शिकवावं: कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा, आशावाद, थोडी जोखीम घ्यायची तयारी. माझ्या वाणिज्य पदवीकडे बघून मी आज इथे असेन, असं कोणतीही चाचणी सांगू शकली नसती.

तुमच्या त्या गृहस्थांबद्दल मी मत देणार नाही, मी त्यांना भेटलेली नाही. पुन्हा जाल तेव्हा मापनाचा विषय शिकलात का, चाचणीची पुस्तिका आहे का, काम कोणाच्या देखरेखीखाली शिकलात आणि कोणाकडून कमिशन मिळतं का, हे चार प्रश्न विचारा. नऊपैकी सात प्रमाणपत्रं हजेरीची निघाली तरी या चारांची उत्तरं सरळ आली, तर मी मुलीला तिथे पाठवीन. पहिल्या सत्राला तुम्ही दहा मिनिटं आत बसा आणि मग बाहेर या. ते तुम्हाला बाहेर जायला सांगतात का, आणि तुम्ही उठताना मुलगी खांदे सैल सोडते का, हे दाराशी पोचेपर्यंत दिसेल.